भातुकलीतल्या तव्याचं वजन

तबकडी तीच, सुई तीच आणि सुईचा हातही तोच. चंद्रावरच्या तळावर चार वर्षं रोज आजीचा आवाज ऐकवणाऱ्या त्या यंत्रानं पृथ्वीवर पहिल्यांदाच लावल्यावर तबकडी ओरबाडून का काढली, हे काही केल्या नीरजाला समजेना.

तिला आजोबांना खूश करायचं होतं, एवढंच. दोघांना चंद्रावरून मिरजेला येऊन दीड महिना झाला होता. आईबाबा कामासाठी तळावर राहिले होते. आजीही तिथेच राहिली होती, पण तिचं राहणं कायमचं होतं. तिला तिथल्या करड्या मातीत ठेवून आल्यापासून आजोबा फारसं बोलत नसत. चाकांच्या खुर्चीत बसून एखाद वेळी म्हणायचे, "इथं सगळंच जड आहे गं." म्हणून ते दुपारी झोपले असताना नीरजानं खोक्यातून ते स्वस्तातलं यंत्र काढलं आणि आजीची तबकडी लावली. नुसती करकर ऐकू आली. जरा वेळानं सुधारेल म्हणून ती थांबली, आणि थांबता थांबता सुई शेवटपर्यंत जाऊन वाकली.

ही तबकडी आजीनं तळाच्या कार्यशाळेत स्वतः कोरून घेतली होती. तिच्यात आजी हरितगृहातल्या झाडांची नावं एकेक करून सांगायची. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आजोबा जागे झाले. त्यांनी तबकडी उजेडात धरून पाहिली आणि हलकेच परत ठेवली. ते रागावले असते तर नीरजाला जरा बरं वाटलं असतं.

"मी आजीला पुसून टाकलं का?" तिनं विचारलं. तिला रडू आवरेना.

"इकडे ये," आजोबा म्हणाले. "या हाताच्या टोकाला काय चिकटवलंय?"

"माझ्या भातुकलीतला तवा. आजीनं मागून घेतला होता."

"कशाला, ते ठाऊक आहे?"

नीरजानं नकारार्थी मान हलवली. मग आजोबा सावकाश सांगू लागले. तळावर ते मुलांना विज्ञान शिकवायचे, आणि आज कितीतरी दिवसांनी त्यांचा तो आवाज निघाला.

"सुईनं तबकडीच्या खाचेवर साधारण तीन ग्रॅमचा भार टाकायला हवा. भार कमी पडला की सुई उड्या मारते, जास्त झाला की खाच खरवडते. पृथ्वीवर हा हात बरोबर तीन ग्रॅम टाकतो. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकी. मग तिथं किती भार पडेल?"

"अर्धा ग्रॅम."

"म्हणून सुई उडायची. महागड्या यंत्रात हाताच्या मागचं वजन सरकवून भार वाढवता येतो. आपल्या यंत्रात ती सोय नाही. तुझ्या आजीनं डोकं लढवलं. तवा पंधरा ग्रॅमचा, तिथं त्याचा भार अडीच. अर्धा आणि अडीच मिळून तीन."

नीरजानं बोटांवर हिशेब केला आणि तिचा चेहरा उतरला. "आणि इथं तीन आणि पंधरा. अठरा."

"हो. तव्याचं वस्तुमान (वस्तूत एकूण द्रव्य किती आहे ते) दोन्हीकडे तेच. वजन (ग्रह किंवा चंद्र त्या वस्तूला किती जोरानं ओढतो ते) मात्र जागेप्रमाणे बदलतं."

"तुम्हाला माहीत होतं, तर तवा काढून का नाही ठेवला?"

आजोबांनी तव्यावरून बोट फिरवलं. "तिनं स्वतःच्या हातानं चिकटवलेला होता गं. काढायला माझा हात धजेना. चूक माझी आहे, तुझी नाही."

घरातल्या यंत्रमानवाचं नाव खटपट्या होतं आणि नावाप्रमाणे तो मध्येमध्ये करायचाच. आता त्यानं नवं कार्ट्रिज (सुईची थरथर विजेच्या लहरींत बदलणारी डबी) मागवायला घेतलं आणि सगळ्यात महाग ते पडद्यावर दाखवलं.

"ते नको," नीरजा म्हणाली. "त्याला दीड ग्रॅमच भार चालतो असं लिहिलंय. आपला हात तीन टाकणार."

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आणखी काय बघायचं?"

"डबी जुन्या डबीइतक्याच वजनाची हवी. नाहीतर भार पुन्हा बदलेल, आणि आपल्याला मागे सरकवायला काही नाही."

तशा दोन डब्या निघाल्या. एकीच्या सुईचं टोक गोल होतं, जुन्यासारखं. दुसरीचं लंबगोल. आजोबांनी लंबगोल निवडलं. "आवाज खाचेच्या दोन भिंतींवर कोरलेला असतो. गोल टोकानं भिंतीचा एक पट्टा घासून टाकलाय. लंबगोल टोक कडेनं बारीक असतं, ते भिंतीला जरा निराळ्या जागी टेकतं. तिथं आवाज शिल्लक असेल कदाचित."

"कदाचित?"

"कदाचितच."

तीन दिवसांनी डबी आली. तवा आजोबांनी नीरजाला काढायला सांगितला. तिनं चिकटपट्टी हळूहळू सोडवली. पट्टीच्या आतल्या बाजूला आजीच्या अंगठ्याचा ठसा होता. आजोबांनी ती पट्टी घडी न करता वहीत ठेवली. भार मोजला, बरोबर तीन ग्रॅम भरला. खटपट्या आवाज साठवून घ्यायला गप्प बसला.

सुई टेकली. करकर झाली. मग त्या करकरीतून खोल कुठूनतरी आजी बोलली, "पालक." नंतर बरंच काही गेलं होतं. "मेथी" आली. "टोमॅटो" अर्धाच आला. कितीतरी नावं कायमची गेली होती आणि आजोबा ती ओठांनी भरत होते. शेवटी आजी हसली आणि स्पष्ट म्हणाली, "झालं हो माझं. बंद करा आता."

आजोबांनी हात पुढे केला, पण बंद केलं नाही. सुई रिकाम्या खाचेत फिरत राहिली आणि ते रडत राहिले. नीरजा त्यांच्या खुर्चीला टेकून उभी होती. बऱ्याच वेळानं तिनंच सुईचा हात उचलून ठेवला.

तवा अजून तिच्या मुठीत होता. "हा भातुकलीत टाकू?"

"नको. यंत्राच्या खोक्यात ठेव, वर दिसेल असा," आजोबा म्हणाले. "माझी हाडं आता तो प्रवास सोसणार नाहीत. पण तू मोठी झालीस की जाशील. आजीच्या हरितगृहात बसून तिला हे ऐकवशील, तेव्हा तिथं तो लागेल."

नीरजानं तवा खोक्यात ठेवला आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तवा फक्त चंद्रावर लावणे.'