गालावरून वाहणारी मुठा

शाळेतले फाटके नकाशे मी रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकले, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "थांबा मॅडम, तोलू नका. मले द्या."

बोटं काळी, केसांत पेन्सिलच्या शिशाची पूड, आणि वरून हसून राहिला होता. माझं डोकंच फिरलं.

"काहून? पतंग बनवता का यांचे?"

"चेहरे काढतो."

तो रजत. नागपुरातच, सक्करदऱ्याला एका खोलीत राहायचा आणि जुन्या नकाशांवर माणसं काढायचा. ज्याचं मन जिथं, त्याच गावाचा नकाशा घ्यायचा, हा त्याचा नियम. विचारायचा नाही, गप्पांतून ओळखायचा. शेजारच्या यमुताईंना त्याने माहेरच्या उमरेडवर काढलं, तर बिचाऱ्या पदर डोळ्यांना लावून बसल्या.

शाळा सुटली की माझी गाडी आपोआप तिकडे वळू लागली.

"माझा चेहरा कधी काढतो?"

"तू एका जागी टिकून नाही राहत वं, उन्नती."

"बसवून तर बघ..."

मग त्याचे कान लाल व्हायचे. मला ते फार आवडायचं.

तेवढ्यात पुण्याचं स्थळ आलं. घरचे खूश, रविवारी उत्तर द्यायचं होतं. मी रजतला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आज काढच. मनाशी ठरवलं होतं — त्याने मला नागपूरवर काढलं, की घरी सरळ नाही म्हणायचं.

मान अवघडली तरी मी हलले नाही. शेवटी त्याने कागद फिरवला. चेहरा माझाच, इतका सुंदर की मलाच लाज वाटावी. गालावरून मुठा वाहत होती. नकाशा पुण्याचा होता.

"हे काय गा?"

"तू तिथं सुखात राहशील, असं वाटून राहिलं मले."

"माझं मन कुठं आहे, तुले दिसत नाही?"

तो पेन्सिल तासू लागला. "दिसते वं. म्हणूनच तर... या खोलीत काय देऊ तुले?"

असा संताप आला. माझ्या आयुष्याचं याने परस्पर ठरवून टाकलं, तेही माझ्याच चेहऱ्यावर.

"एकदा म्हण, जाऊ नको." मी रडत म्हटलं, लाज सोडून म्हटलं.

तो पेन्सिल तासतच राहिला.

मी तिथूनच आईला फोन लावला. "हो म्हणून सांगून दे त्यांले." त्याच्याकडे बघतच बोलले. वाटलं, आता तरी हात धरेल.

त्याने चित्राची सुरळी केली, दोरी बांधली, माझ्या हातात दिली.

"नीट जाजो," म्हणाला.