आमच्याकडे असं होत नाही

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याच्यावर बेतलं तो माझा सख्खा आतेभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. आणि रात्रबित्र काही नव्हती, रविवारची लख्ख दुपार होती.

दादा प्रोग्रामर. आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने तिच्यासाठी एक ॲप बनवलं. एक फोन आजारी माणसाच्या उशाशी, दुसरा आपल्याजवळ. श्वास ऐकू येत राहतो. थांबला, की अलार्म.

ॲप त्याने सगळ्यांना फुकट दिलं, आतला कोडही कुणालाही बघता येईल असा उघडा ठेवला. मग काय, कुठून कुठून तक्रारी यायला लागल्या. नोकरी सांभाळून दादा प्रत्येक तक्रार बघायचा, तिला लेबल चिकटवायचा आणि बंद करायचा. इतक्या झपाट्याने, की ॲपवर काम करणारे बाकीचे लोक त्याला 'कुलूप' म्हणायचे.

आत्याला बोलता येत नव्हतं. काही हवं असलं की ती बोटातली अंगठी पलंगाच्या दांडीवर आपटायची.

टक टक... टक.

तेवढीच तिची भाषा उरली होती.

त्या रविवारी एक तक्रार आली. 'श्वास थांबला तरी आवाज येत राहतो. अलार्म वाजत नाही.'

पाठवणाऱ्याचं नाव नाही. दादाने विचारलं, फोन कुठला, नेमकं काय केलंत. उत्तर नाही. मग त्याने दुसरे दोन फोन जोडले, एक स्वतःच्या तोंडाशी धरून श्वास रोखून पाहिला. अलार्म खणखणीत वाजला. झालं. 'आमच्याकडे असं होत नाही' हे लेबल लावलं आणि तक्रार बंद केली.

जेवून येऊन पाहतो तर... तक्रार पुन्हा उघडी.

पुन्हा बंद केली. पुन्हा उघडली.

या वेळी खाली एक रेकॉर्डिंग होतं.

दादाने हेडफोन लावला. संथ श्वास. आत... बाहेर... आणि मागून बारीकसा आवाज...

टक टक... टक.

त्याने आवाज वाढवला. परत तेच. परत. दर वेळी थोडं हळू, थोडं थकलेलं. मग ते थांबलं. श्वास मात्र चालूच. आणि शेवटी एका पुरुषाचा आवाज. दादाचाच.

'आई झोपलीय, उठवू नको. दोघांचाच टाक.'

हे तो कधी बोललाच नव्हता.

माणूस घाबरला की आधी चिडतो. कुणीतरी आपल्या घरातले आवाज चोरतंय, हेच त्याच्या डोक्यात बसलं. तक्रार बंद करून तो चोर शोधायला कोडमध्ये घुसला. आत्याच्या खोलीत डोकावला नाही. कशाला डोकावेल? टेबलावरच्या फोनमधून तिचा श्वास नीट येत होता ना.

बऱ्याच वेळाने वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, आईंचा पण चहा टाकू का?"

स्क्रीनवरून नजर न काढता दादा म्हणाला, "आई झोपलीय, उठवू नको. दोघांचाच टाक."

आणि त्याची बोटं कीबोर्डवरच थिजली.

तो धावला. आत्या थंड पडली होती. हात दांडीवर तसाच. उशाशी ठेवलेला फोन चार्जिंग संपून केव्हाच बंद पडलेला. खरं तर फोन बंद पडून श्वास येईनासा झाला तेव्हाही अलार्म वाजायला हवा होता. डॉक्टर म्हणाले, जाऊन फार तर तासभर झाला असेल. म्हणजे दादाने ते रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा ती जिवंत होती.

बाहेर टेबलावरचा फोन... अजून श्वास घेत होता.

 "मी ऐकलं होतं गं," एवढंच दादा वहिनीला सांगत राहिला. "ती बोलावत होती."

पुढे एकदा मी त्यांच्याकडे गेले. दादाने सगळा कोड पिंजून काढला होता, चूक काही सापडली नव्हती. ती तक्रार उघडीच आहे, तिला हात लावायची त्याची छाती होत नाही. ॲप काढून टाकलंय, टेबलावरचा तो फोनही बंद. तरी दादा तोच कानाला लावून बसतो. 

त्याने फोन वहिनीपुढे धरला. "तूच ऐक."

तिने ऐकलं. खूप वेळ ऐकलं. मग फोन परत दिला. "नाही हो. मला काही नाही ऐकू येत."

दादा कसंनुसं हसला. "म्हणजे आमच्याकडे असं होत नाही."

 वहिनीच्या बोटातली अंगठी टेबलावर हळूहळू आपटत होती... तिचं तिलाही कळत नव्हतं.

टक टक... टक.