पेन ड्राइव्हवरचं घर

सरावली गावात तात्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन जुने कॉम्प्युटर होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते कामगारांच्या पोरांना तिथं फुकट शिकवत. जुन्या विंडोजला आता अपडेट येत नव्हते, म्हणून त्याऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालायचं ठरलं. तात्यांनी मुलांना समजावलं, की आधी आपल्या फाइली दुसरीकडे ठेवाव्या, मग नवी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून बघावी आणि मनाला पटली तरच आत बसवावी.

"पेन ड्राइव्हवर केलेलं काही राहत नाही. बंद केलं की पुसलं. तेव्हा बिनधास्त मोडतोड करा."

गुरुवारी पहिली बसली जागृती, चंद्रकांता नावाच्या कामगार बाईची मुलगी. तिच्या चपलेचा पट्टा तांब्याच्या तारेनं बांधलेला असे. तिनं आपलं नाव टाइप केलं, एक घर काढलं आणि दारात स्वतःला उभं केलं.

"तात्या, बंद केल्यावर ही कुठं जानार?"

"कुठं नाही. नसतेच ती."

त्यांनी मशीन बंद केलं. मागे वळले तर खुर्ची रिकामी होती. पळाली असेल घरी, असं त्यांना वाटलं. बाकीची मुलं गेल्यावर दाराशी तारेनं बांधलेल्या चपलांचा जोड तेवढा उरला.

हजेरीच्या वहीत जागृती नव्हती. अक्षर त्यांचंच होतं, नावांचे क्रमांकही ओळीनं होते.

शुक्रवारी सकाळी ते चंद्रकांताकडे गेले. ती बोटांवर लाल रिबन गुंडाळत बसली होती.

"कोन जागृती? आमाला येकच पोर, परणव," ती हसली. "तात्या, शिकवनी बंद करा आता. डोकं दमलं तुमचं."

"ही रिबन कुणाची?"

तिनं रिबनकडे पाहिलं. मग पुन्हा बोटांवर गुंडाळू लागली.

परतताना त्यांनी जागृतीचा चेहरा आठवून पाहिला. फक्त कपाळ आठवलं, खालचं सारं पुसलेलं.

खोलीत प्रणव आधीच येऊन बसला होता. पेन ड्राइव्ह लावलेला होता, पडद्यावर त्याचं नाव होतं. खाली तेच घर होतं, दार रिकामं. दारात तो स्वतःला काढत होता.

"बंद करू नको, बाळा."

"नाय करत."

तेवढ्यात पंखा थांबला. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जायचीच. आता मशीन यूपीएसच्या बॅटरीवर होतं, फार तर दहा मिनिटं.

तात्यांनी प्रणवचा हात घट्ट धरला. बॅटरी बीप-बीप वाजत राहिली.

"तात्या, दुखतंय."

त्यांनी सोडला नाही.

पडदा काळा झाला.

तात्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभे होते. मूठ वळलेली होती. कशासाठी, ते आठवेना. त्यांनी ती उघडली. तळवा ओलसर, कोमट होता.

दाराशी चंद्रकांता उभी होती, हातात छोटा डबा.

"हिकडं कशाला आले, तेच समजंना," ती म्हणाली. मग तिनं खाली पाहिलं. "ह्या चपला कुनाच्या? आमच्याकडं तर ल्हान पोर नाय."

तिनं वाकून दोन्ही जोड शेजारी शेजारी नीट लावले. आणि डबा उघडून त्या चपलांसमोर ठेवला.