मगरिबच्या आत

निखतची वाट बघत थांबलेल्या अतीकची काठी एसटीच्या दाराशी घसरली आणि घाईघाईनं उतरणाऱ्या तिचा पाय नेमका तिच्यावरच पडला. काठी वाचली, हेच नशीब.

"जरा सावकाश! आधीच एक पाय गेलाय माझा."

"गेला कुटं? हितंच तर हाय." तिनं काठी उचलून दिली. "वाकवत न्हाई तुमी, म्हनून रुसलाय."

असे रुसलेले पाय ती रोज बघायची. पिरंगुटला हाडांच्या डॉक्टरांकडे कामाला होती ना! आणि अतीक? जूनमध्ये ताम्हिणी घाटात टेम्पो उलटल्यापासून पौडला घरी बसून होता. मामूंनी मस्कतला ड्रायव्हरची नोकरी बघून ठेवली होती, पण डिसेंबरच्या आत गुडघा वाकला तरच. त्याच्या अम्मीनं, बिस्मिल्लाखालानं, निखतच्या अब्बांना गळ घातली – पोरीनं ह्याला रोज चालवून आणावं. अब्बा कबूल झाले. अट एकच, मगरिबच्या, म्हणजे दिवस मावळतानाच्या अजानीआधी पोरगी घरात पाहिजे.

सप्टेंबरात तासभर मिळायचा. साडेपाचला निखतची एसटी, साडेसहाला अजान. कोळवण रस्त्यावरच्या मोरीपर्यंत जायचं नि परत फिरायचं.

"तुमी बोलता लई, चालता कमी."

"गप बसलो की गुडघा बोलाया लागतो…"

ती हसली. तुमीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

पण सूर्य काही अब्बांच्या ऐकण्यातला नव्हता. अजान रोज थोडी अलीकडे सरकत होती. मोरी मात्र जागची हलत नव्हती. भातं कापून झाली, खाचरं उघडी पडली, पाच वाजताच डोंगराची सावली रस्त्यावर यायची. सगळं कसं उदास उदास.

"अर्ध्यातनंच फिरू की," अतीक म्हणायचा.

"न्हाई. पाय उचल."

वेळ कमी, म्हणून ती त्याला भरभर चालवायची. भरभर चालून पाय सुधारत होता. एके दिवशी तो काठी घरी ठेवून आला, तेव्हा निखतला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आपणच ह्याला मस्कतपर्यंत चालवत नेतोय, हे तिला त्या दिवशी पुरतं कळलं.

नोव्हेंबर संपता संपता मोरीवर तो थांबला. "सोमवारी मुंबईला मेडिकल हाय. पास झालो तर दोन वर्षं… निखत, पाय दुखतो म्हनून सांगू? तू नुसतं थांब म्हन."

तिनं त्याच्या गुडघ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "खाली बस."

तो उकिडवा बसला. गुडघा पुरता वाकला.

"दुखलं?"

"…न्हाई."

"मग खोटं कशापायी बोलायचं?" तिचे डोळे भरून आले. "आवडतोस तू मला. लई आवडतोस. पन माझ्यापायी घरी बसलेला मानूस मला रोज बघवायचा न्हाई. जा तू."

"आन् परत आल्यावर?"

"आलास तर अब्बांना येऊन विचार."

"आलास तर?"

"समदेच येत न्हाईत, अतीक."

लांबून अजान सुरू झाली. आज पहिल्यांदाच उशीर झाला होता. दोघंही झपाझप निघाली. तो न लंगडता, लांब लांब ढांगा टाकत पुढं चालला होता आणि त्याला गाठायला निखतला पळावं लागत होतं.