बाराव्या मिनिटाचा डोंगर

केसाहून जराशी जाड अशी ती नळी होती. तिच्या टोकाशी थेंब धरायचा, हळूहळू फुगायचा, लोंबायचा आणि बरोबर चार मिनिटांनी पडायचा. तरुण संशोधिका प्रांजलने तो वेळ घड्याळ लावून मोजला होता.

मोठ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला दिवसाला लिटरभर द्रावण लागतं. जेवणाच्या डब्याएवढ्या या यंत्राला अर्धा चमचा पुरायचं, म्हणून तर ते पुण्याहून जव्हारला आणता आलं. नळीत भरलेल्या बारीक भुकटीला कोणता पदार्थ किती वेळ चिकटून राहतो, त्यावरून तो ओळखायचा. कडूकांद या रानकंदातलं विष बाराव्या मिनिटाला सुटायचं आणि पडद्यावरची सरळ रेघ टोकदार वर चढायची.

कमलेश आला तो खरं तर दार चुकून.

"कृषी कार्यालय हेच का?"

"ते खाली."

तो गेला नाही. "हे काय टपकतंय?"

"अजून नाही टपकलं. थांबा, पडेल."

"कवा?"

"चार मिनिटांनी."

"मग बसतो," तो म्हणाला, आणि खरंच बसला.

जामसरजवळच्या पाड्यावर त्याचं घर. त्याची आई नवशी कांद धुण्यात अख्ख्या पाड्यात हुशार. कांद शिजवायचा, पातळ चकत्या करायच्या, टोपलीत भरून ओहळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. किती रात्री ठेवल्या म्हणजे विष जातं, तेच प्रांजलला मोजायचं होतं. पुढच्या आठवड्यापासून कमलेश नमुने आणू लागला. दर खेपेला तीन बाटल्या. पहिलीत कच्चा कांद, दुसरीत एक रात्र धुतलेला, तिसरीत दोन रात्री.

आणि दर बाटलीला बारा मिनिटं… थांबण्यावाचून दुसरं कामच नसायचं.

"आला का डोंगर?" तो पडद्याकडे वाकून विचारायचा.

"सातवंच मिनिट आहे."

"तुझ्या डब्याला घाई म्हणून माहीत नाय."

"घाई केली की सगळं एकदमच बाहेर येतं. काय कुठलं ते कळत नाही."

"मग मलाही बारा मिनिटं बघ ना. काय काय निघतं ते सांग."

"तुझं पहिल्या मिनिटातच निघेल. आगाऊपणा."

तो हसला की त्याच्या डाव्या गालावर एक उभी रेघ पडायची. प्रांजलने तीही मोजली असती. पण तेवढा वेळ बघत राहणं बरं दिसलं नसतं.

दिवाळीनंतर एका रविवारी दोघं शिरपामाळावर गेली. वारा होता. तिची ओढणी त्याच्या हातावर येत होती आणि तो हात हलवत नव्हता.

"डबा पुण्याला परत जाईल, तेव्हा तूही जाशील?"

"पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या वर्षा मॅडमनी विचारलंय. पुढचं संशोधन तिथेच कर म्हणाल्या. मी अजून कळवलं नाही."

"मग नको ना कळवूस…"

तिने ओढणी आवरली. "सांगते," एवढंच म्हणाली. त्या एका शब्दावर दोन महिने गेले.

डिसेंबरअखेर निकाल आला. पहिल्या बाटलीत डोंगर उंच. दुसऱ्या बाटलीत रेघ सपाट, तिसरीतही. खेपेमागून खेप, सपाटच. एका रात्रीत विष जातं! प्रांजल खुर्चीतून उठलीच. कमलेशने पुढे केलेल्या हातावर तिने टाळी दिली आणि हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला. अंगणवाड्यांत वाटायच्या पत्रकाचा मजकूर ठरला – एक रात्र पुरे.

पत्रकासाठी फोटो हवा होता म्हणून सोमवारी सकाळी ती पाड्यावर गेली. नवशी ओहळात पाय सोडून बसली होती. तिने टोपलीतली चकती दातांनी कुरतडली आणि थुंकली.

"कालचाच हाय. अजून तीन राती तरी लागतील."

"पण काकू, एका रात्रीत होतो ना?"

"कोणी सांगला?" नवशी खळखळून हसली.

"तुमच्याच बाटलीने. दुसऱ्या."

"ती होय! ती चार रातींची, गोड." तिने प्रांजलच्या हनुवटीला ओला हात लावला. "कच्चा कांद म्हणजे नुसती मुळी, ती दिली. पण शिजवून, धुऊन दिला म्हणजे घास झाला. घरात येणाऱ्या पोरीला पहिला घास कडू देतात का कोणी?" आणि पळसाच्या पानावर चार रात्रींच्या चकत्या घालून तिने त्या प्रांजलच्या हातात दिल्या.

कमलेश टोपली धरून उभा होता. तो पाण्याकडे बघत होता.

फोनला रेंज फक्त रस्त्याच्या वळणावर यायची. तिथवर दोघं चालत गेली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या खेपेपासून."

"रेघ सपाट आली तेव्हा तू शेजारी होतास. टाळीला हात पुढे केलास…"

"तुला इतकी खूष कधी बघितली नव्हती." मग घाईने म्हणाला, "आणि आमच्यात कोण कागद वाचून कांद धुतो? आई जीभ लावून बघते."

"आणि भिवंडीच्या वीटभट्टीवर वाढलेली पोर पाड्यावर सून म्हणून येते, तिला शिकवायला कोणी नसतं, हातात फक्त तो कागद असतो – ती काय करील? मुलांना काय वाढील?"

"सांगितलं असतं, तर कारणही सांगावं लागलं असतं. आईला मी आपल्याबद्दल बोललो होतो… आणि तू अजून हो म्हणाली नव्हतीस."

आपण वेळेवर बोललो असतो, तर तोही बोलला असता, हे प्रांजलला कळत होतं. पण यापुढे कुठलीही सपाट रेघ आली की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघणार होती, हेही तिला तितकंच कळत होतं.

तिने फोन लावला.

"मॅडम, दुसऱ्या बाटलीचा निकाल चुकीचा आहे. छपाई थांबवा. नमुने माझ्या डोळ्यांसमोर धुतले गेले नाहीत. चूक माझी." त्याचं नाव तिने घेतलं नाही. कमलेशने मान वर केली.

पलीकडून थकलेला आवाज, "सगळं परत मोजावं लागेल. आणि ते पुण्याचं? दोन महिने विचारतेय, प्रांजल."

तिने पानातली एक चकती तोंडात टाकली. नवशीचं खरं होतं. कडवटपणाचा मागमूस नव्हता. तिने ती सावकाश चावली, गिळली. कमलेशच्या गालावर आता रेघ नव्हती.

"येते, मॅडम," ती म्हणाली. "नवे नमुने मी स्वतः धुते, मोजते, आणि डब्याबरोबरच येते."