राहणारे : एक

घर पाहावं बांधून म्हणतात, पण आमच्या वायरमनने ते भाड्याने देऊन पाहायचं ठरवलं. वीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत दिवे लावले. आता आपलंही एक जादा घर असावं आणि त्याच्या भाड्यातून लेकीच्या कॉलेजची फी निघावी, एवढीच त्याची उडी. बायकोने न कुरकुरता दागिने काढून दिले आणि गल्लीच्या टोकाचं दोन खोल्यांचं बैठं घर त्याच्या नावावर झालं.

पण भाडेकरू मिळेना. दुसरा महिना लागला, तसा त्याचा मेव्हणा विम्याचा फॉर्म घेऊन आला. एजंटच तो, बोलण्यात कुणाला ऐकतोय!

"दाजी, यातली एक अट नीट ऐका. घर तीस दिवसांच्या वर रिकामं राहिलं, तर आग लागो नाहीतर पाइप फुटो, कंपनी हात वर करणार."

"मग मी जाऊन राहू की काय तिथे?"

"तुम्ही कशाला? इथे लिहा, राहणारे : एक. बघायला कोण येतंय!"

वायरमनने लिहिलं. खोटं लिहिताना त्याचा हात जरा अडखळला, पण लेकीची फी डोळ्यांपुढे होती. कुणाला शंका नको म्हणून त्याने बाहेरच्या खोलीतल्या दिव्याला टायमर बसवला. संध्याकाळी सहाला लागायचा, आठला विझायचा.

तेव्हापासून त्याला चैन म्हणून पडेना. कामावर असला तरी मन त्या घरात. काही ना काही निमित्त काढून तो दिवसातून एकदा तिथे चक्कर मारायचाच. एकदा समोरच्या इस्त्रीवाल्याने त्याला हटकलं.

"भाडेकरू झकास मिळाली हो तुम्हाला! बाई बाहेर कधी पडत नाहीत, पण दहा-साडेदहापर्यंत दिवा असतो. आवाज म्हणाल तर अजिबात नाही."

 नाही म्हणावं तर फॉर्मचं बिंग फुटणार. "हो हो, शांत आहेत," असं काहीतरी पुटपुटून वायरमन आत शिरला. टायमर आठवरच होता. पण पाण्याचं मीटर पुढे सरकलं होतं, मोरी ओली होती आणि आतल्या खोलीत, न वाळलेले कपडे दिवसेंदिवस कपाटात कोंडून ठेवावेत तसा वास भरला होता. कुणी भामटी घुसली असणार म्हणून त्याने त्याच दिवशी कुलूप बदललं. पुढच्या आठवड्यात मीटर आणखी पुढे गेलं.

मग देव पावला. एक शिक्षक नवरा-बायको घर बघायला आले. भरदुपार होती. बाईंना घर आवडलं, भाडंही पटलं. पडदे कुठे लावायचे ते बोलत त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दुसऱ्याच क्षणी पदर तोंडाशी धरून बाहेर आल्या.

"अहो, आधी सांगायचं तरी… आत कुणीतरी झोपलंय."

"छे हो, घर रिकामं आहे."

"भिंतीकडे तोंड करून झोपल्यात," त्या कुजबुजल्या. "चला, निघू या आपण. राहत्या माणसाला उठवून आम्हाला नको बाई घर."

वायरमनने आत डोकावून पाहिलं. फरशी आणि चार भिंती, दुसरं काही नाही. एवढं चालून आलेलं गिऱ्हाईक गेलं, याचाच त्याला आधी संताप आला. उंबऱ्यावर उभं राहून तो त्या रिकाम्या खोलीला म्हणाला, "हे बघा, कोण असाल ते असा. घर खाली करा. मला भाडेकरू आणायचाय."

 मग फरशीलगतून, झोपेतून उठल्यासारखा आवाज आला.

"कुठे जाऊ…? तुम्हीच लिहून दिलंय ना…"

 "चुकलं माझं… खोडून आणतो… आजच खोडतो…" म्हणत तो मागच्या मागे बाहेर पडला आणि तडक विम्याच्या ऑफिसात गेला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली होती त्याची. विमा गेला तरी चालेल, घर मोकळं हवं!

ऑफिसातल्या कारकुनाने शांतपणे दुरुस्तीचा कागद पुढे केला. 'एक' खोडून वायरमनने 'शून्य' लिहिलं, सही ठोकली. त्याच्या जिवात जीव आला.

"हा रकाना राहिला," कारकून म्हणाला. "राहणारी व्यक्ती घर सोडून कुठे गेली, तो पत्ता."

"तो… माहीत नाही मला."

"कोरा ठेवून चालत नाही हो काका. काहीतरी लिहा आणि मोकळे व्हा. मागे रांग आहे."

मागचा माणूस खाकरला. वायरमनचं डोकं चालत नव्हतं. वीस वर्षं आपल्या बिलांवर लिहून जो पत्ता हाताला पाठ झाला होता, तोच त्याने खरडला आणि कागद सरकवून तो बाहेर पडला. आपण कुठला पत्ता लिहिला, ते त्याला राहत्या घराच्या जिन्यात उमगलं.

तो धावतच वर गेला. बायको दारातच उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"कुणाचा…?"

"असं काय करता? तुम्हीच पाठवलंत ना त्यांना… भाड्याचं घर सोडावं लागलं म्हणाल्या बिचाऱ्या. लेकीच्या खोलीत अंथरूण घालून दिलंय."

तिला बाजूला सारून तो आत घुसला. लेक टेबलाशी बसून अभ्यास करत होती. खाली अंथरूण होतं, त्यावर कुणी नव्हतं. लेक धडधाकट दिसली तशी त्याला रडूच कोसळलं. तिला हाताला धरून आधी इथून बाहेर काढायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. तो टेबलापाशी गेला.

"बाबा," पुस्तकातून मान वर न करता लेक अगदी हळू म्हणाली, "पाय उचला ना… त्यांच्या केसांवर उभे आहात तुम्ही."

त्याने खाली पाहिलं. फरशी स्वच्छ होती. त्याने उजवा पाय उचलला, तो उचलला गेला. डावा उचलेना.