दुपारी चारचा फोन

हे खरं आहे. रचायचीच असती, तर स्वतःची लाज काढणारी गोष्ट कशाला रचली असती मी?

मागच्या महिन्यातली बारा तारीख. गुरुवार, संध्याकाळचे पाच. माझं ऑफिस, तिसरा मजला.

दवाखान्यांच्या वतीने पेशंटना आठवण करून देणारे फोन लावायचे, हे आमचं काम. म्हणजे मशीनच लावतं. आमच्यातल्याच कुणाच्या तरी आवाजात. समोरच्याला उत्तरंही देतं.

दोन वर्षांपूर्वी त्या मशीनच्या यादीत मी आईचा नंबर घातला. रोज दुपारी चार. माझ्या आवाजात, "आई, जेवलीस का? गोळी घेतलीस?"

मला वेळ नसायचा...

नाही, आता खोटं कशाला बोलू? कंटाळा यायचा. तेच गुडघे, तीच शेजारीण.

एकदा घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, "तुझा फोन येतो रे रोज. आवाज तुझाच. पण ठेवल्यावर पूर्वीसारखं बरं वाटत नाही. माझ्याच डोक्यात काही बिघडलंय का?"

मी म्हटलं, वयामुळे होतं असं.

पुढे कुठेतरी वाचलं, की नकली आवाजाला कान फसतो, पण मेंदू तितका सुखावत नाही. तिचं डोकं ठणठणीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी नंबर यादीत तसाच ठेवला.

मग आई गेली.

ताईने आईच्या फोनमधलं सिम काढलं आणि फोन कपाटात ठेवून दिला. यादीचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

तीन आठवड्यांनी, त्या गुरुवारी, रिपोर्ट चाळत होतो...

आईचा नंबर. फोन उचलला. अकरा मिनिटं.

आदल्या दिवशीही उचललेला. त्याच्या आदल्या दिवशीही...

ताईला विचारलं. तिने कपाट उघडून पाहिलं. फोन तिथेच होता, बंद. जरा झोप काढ, म्हणाली.

मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं.

आधी माझा आवाज. मग काहीच नाही. नुसती पंख्याची कुरकुर... आईच्या खोलीतल्या पंख्याची.

मग आई.

"जेवले रे. तू बिचारा रोज करतोस. पण तो स्वतः कधी करणार, तेवढं विचारून ठेवशील?"

"हो आई," माझा आवाज म्हणाला.

नंबर काढून टाकायला हात धजत नाही.

आता रोज चारला पाच कमी असताना मी स्वतः लावतो. हा नंबर बंद आहे, असं ऐकू येतं.

चारला मशीन लावतं.

आणि ती उचलते.